ओटा दीड फूट कमी करणे

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि ओळंबा धरला तर दोरी हलत नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो. कारण साक्रीच्या पुढे डोंगराकडच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहाच्या बांधकामावर जे झालं, ते म्हातारपणाने झालं असं पुष्कळ जण अजून सांगत फिरतात. म्हातारपणाचा त्यात काडीचा संबंध नाही. माझं डोकं त्या दिवसांत चांगलं ठिकाणावर होतं. म्हणूनच तर झालं.

मी सोनगीरच्या बाजूचा. शाळा चौथीपर्यंत, त्यातली तिसरी दोनदा. वाचता येतं, पण अक्षराखाली बोट ठेवून. सही मात्र झोकदार करतो. पंचावन्न वर्षं विटा लावल्या. धुळ्यात दुकानं बांधली, जळगावात केळीच्या व्यापाऱ्यांचे बंगले बांधले. एवढ्या वर्षांत चूक म्हणून माझी भिंत कोणी पाडायला लावली नव्हती. या वसतिगृहावर लावली, आणि एकदा नाही, दोनदा.

आमच्या वेळी कामात बदल कसा व्हायचा ते सांगतो. मालक चहाचा कप घेऊन यायचा. म्हणायचा, "मिस्तरी, हे दार तिकडे सरकव." मी म्हणायचो, "चौकट बसली आता." तो म्हणायचा, "मग काढ." मी काढायचो. संध्याकाळी मालकीण यायची, दार बघायची आणि मालकाला माझ्यादेखत नाही नाही ते बोलायची. दुसऱ्या दिवशी दार परत पहिल्या जागी. भांडणं होत नव्हती असं नाही. पण ज्याने सांगितलं तो तिथेच उभा असायचा, आणि त्याची बायकोसुद्धा. सांगितलेलं नाकारायची सोय नव्हती.

वसतिगृहाला मालक नव्हता. संस्था होती. संस्था म्हणजे अशी गोष्ट, जिला सही असते पण तोंड नसतं. आणि जिथे तोंड होतं, म्हणजे सेक्रेटरी, ते तोंड पाहिजे तेव्हा उघडायचं आणि पाहिजे तेव्हा विसरायचं.

झालं असं. बांधकाम निम्म्यावर आलं होतं. सेक्रेटरी एक दिवस पांढऱ्या गाडीतून आले. नवे बूट घातले होते, म्हणून रेतीच्या ढिगापासून लांब उभे राहिले. मागच्या भिंतीतल्या खिडकीकडे बोट केलं आणि म्हणाले, "ही खिडकी कशाला? मागे जंगल आहे, मुलींची जबाबदारी आहे. बुजवून टाका." मी म्हणालो, "बुजवतो." दोन तासांत खिडकी बुजवली, वरून गिलावा मारला. जाता जाता ते पुढच्या ओट्यावरूनही कुरकुरले. "फार उंच केला हो हा. पाहुणे कसे चढणार? माझे गुडघे बघा." मी गुडघे बघितले. गुडघे मला तरी ठीक दिसले.

पंधरा दिवसांनी धुळ्याहून लोखंडी जाळ्या आल्या. चौदा खिडक्यांच्या चौदा जाळ्या. खिडकी बुजवल्याचं जाळ्या बनवणाऱ्याला कोणी कळवलंच नव्हतं. तेरा बसल्या, चौदावी भिंतीला टेकवून ठेवली. संस्थेची बैठक तिथेच भरली होती. कोणीतरी जाळी बघितली आणि विचारलं, ही कुठली? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सेक्रेटरींकडे बघितलं.

"साहेबांनी सांगितलं म्हणून खिडकी बुजवली," मी म्हणालो.

"मी?" सेक्रेटरी म्हणाले. "मी कुठं म्हटलं असं? मी म्हटलं, जबाबदारी आहे, विचार करा. विचार करा म्हणजे बुजवा?"

वीस माणसांसमोर मला खोटं पाडलं. ती खिडकी मी माझ्या हाताने परत फोडली. फोडताना मागे उभं राहून एक सभासद दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारे झालेत आबा आता. ऐकू कमी येत असेल." मला भिंतीपलीकडे शेळी शिंकली तरी ऐकू येतं.

त्यानंतर इंजिनीअर कागद घेऊन आला.

हा इंजिनीअर धुळ्याचा. दर गुरुवारी यायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याने आयुष्यात कधी थापी धरली नव्हती, आणि हे त्याला अभिमानाने सांगता यायचं. त्याने छापील कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर सिमेंटच्या गोणीवर ठेवला आणि मला शिकवायला बसला.

"आबा, याला चेंज ऑर्डर म्हणतात. ठरलेल्या कामात काहीही वेगळं करायचं झालं, म्हणजे वाढवायचं असो, कमी करायचं असो, जागा बदलायची असो, मालाची जात बदलायची असो, आधी हा भरायचा. मूळ काम काय होतं, नवं काम काय, कारण काय, मागणी कोणाची, दिवस किती वाढतील, खर्च कोणाचा. खाली सेक्रेटरींची सही, माझी सही, तुमची सही. तिन्ही सह्या झाल्याशिवाय वीट हलवायची नाही. माल सांगितलेला असेल तर दुकानदारालाही याचीच एक प्रत. नाहीतर परत जाळी येईल."

"आणि कोणी तोंडी सांगितलं तर?"

"ते मी ऐकलंच नाही असं समजायचं."

"साहेब, तुम्ही ऐकत नाही हे मला आधीपासून ठाऊक आहे."

माझा जोडीदार, तीस वर्षं माझ्याबरोबर विटा लावणारा, फिसकन हसला. इंजिनीअरही हसला. मी हसलो नाही. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, "ठीक आहे. आजपासून कागद म्हणेल ते. देव जरी येऊन उभा राहिला तरी त्याला म्हणेन, तीन सह्या आण."

माझा स्वभाव लोकांना माहीत नाही. मी शब्द दिला तर त्यात स्वतःला गाडून घेईन, पण बाहेर येणार नाही.

आता अक्काचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच येऊन पडलं.

अक्का वसतिगृहाची स्वयंपाकीण. डोंगरातल्या पाड्यावरची, पन्नाशीच्या आसपासची, उंचीला साडेचार फूट. त्याहून अर्धा इंच जास्त असेल तर मी हरलो. जुन्या वसतिगृहात पत्र्याच्या खोलीत, जमिनीवरच्या चुलीवर तिने चौदा वर्षं ऐंशी पोरींचं जेवण केलं. त्या पोरी दिवाळीला घरी गेल्या की दोन दिवसांत तिच्या वरणाची आठवण काढतात, असं रेक्टरबाई सांगायच्या. रेक्टरबाई म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या. नव्या इमारतीत चूल जाणार आणि गॅसची मोठी भट्टी येणार होती. त्यासाठी नकाशात किचन प्लॅटफॉर्म दाखवला होता, बत्तीस इंच उंच. धुळ्यातल्या फ्लॅटमध्ये असतो तसा. तिथे बाई उभी राहून दोन माणसांचे पोहे करते. इथे बत्तीस इंचांवर नऊ इंचांची भट्टी, आणि भट्टीवर वीत वीत लांब कानांचं, दीड फुटाहून उंच तपेलं. बेरीज करा. मला चौथीपर्यंतचं गणित येतं, इंजिनीअरला बहुतेक त्याच्या पुढचंच येत असेल.

प्लॅटफॉर्म बांधून झाला त्या दिवशी अक्का बघायला आली. तपेलं वर ठेवलं. तपेल्याचा काठ तिच्या डोक्याच्या वर गेला. ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी आत दिसेना.

"भाऊ," ती म्हणाली, "हाई भलतं उंच शे. माले तपेलामा दिसत नही. वरन शिजनं का जळनं, कसं समजी?"

मी म्हणालो, "कागद आण."

"काय?"

"तोंडी चालत नाही आता. कागद आण, तीन सह्यांचा."

ती म्हणाली, "भाऊ, माले लिखता येत नही."

"रेक्टरबाईंना सांग."

तिने रेक्टरबाईंना सांगितलं. रेक्टरबाईंनी इंजिनीअरला फोन केला. इंजिनीअरने धुळ्याला बसून कागद भरला. कागद सेक्रेटरींकडे गेला, सेक्रेटरी कुठल्याशा लग्नात होते. लग्न संपलं, मग ते आजारी पडले. बारा दिवसांनी कागद आला. तोपर्यंत दिवाळीची सुट्टी लागली होती. पोरी घरी गेल्या, रेक्टरबाई माहेरी गेल्या, अक्का पाड्यावर गेली. बांधकामावर मी, जोडीदार आणि दोन मजूर.

मी कागद घेतला, बोट ठेवून वाचला. मूळ काम, ही जागा कोरी. नवं काम, तिथे लिहिलं होतं: "ओटा दीड फूट कमी करणे." कारण, "गैरसोय." मागणी, "संस्था." खाली दोन सह्या. तिसरी माझी राहिली होती. मी झोकदार सही केली.

आता बघा. आमच्याकडे ओटा म्हणजे घरापुढचा ओटा. माणसं बसतात, धान्य वाळवतात, म्हातारे खोकतात, तो. शहरात किचनमधल्यालाही ओटा म्हणतात. पण इंजिनीअरच्या नकाशात, यादीत, प्रत्येक कागदावर त्याला प्लॅटफॉर्म म्हटलं होतं. अक्का त्याला "हाई" म्हणायची. आणि पुढचा ओटा फार उंच आहे अशी कुरकूर खुद्द सेक्रेटरींनी माझ्यासमोर केलेली होती, गुडघे दाखवून.

जोडीदार कागदाकडे बघून म्हणाला, "आबा, हाई चूलनी गोष्ट असेल. अक्कानी सांगेल व्हतं ना."

"कागदात चूल आहे?"

"नही."

"अक्का आहे?"

"नही."

"मग ओटा म्हणजे ओटा. घे सब्बल."

मला कळलं नव्हतं असं मी सांगणार नाही. जळगावच्या बंगल्यांत मी किचनचे पन्नास ओटे बांधले, त्यांना ओटाच म्हणत होतो. मला दाट संशय होता. एक फोन केला असता तर एका मिनिटात मिटलं असतं. खिशात फोन होता, बॅटरी भरलेली होती. मी केला नाही. मला बघायचं होतं, यांचा कागद किती शहाणा आहे ते.

पुढचा ओटा तीन फूट उंच, समोरून घडीव दगड, वर शहाबादी फरशी, आत मुरूम. मी स्वतः बांधलेला. एका फरशीचा कोपरा दुसरीला असा भिडला होता की पोस्टकार्ड जाणार नाही. दोन दिवस लागले. फरशा उपटल्या, दगड काढले, मुरूम उपसला, दीड फूट खाली आणून परत फरशी बसवली. माझ्या हाताचं काम माझ्याच हाताने मोडताना मला जितका आनंद झाला तितका कधी बांधतानाही झाला नव्हता. जोडीदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नुसता मुरूम ओढत होता.

गुरुवारी इंजिनीअर आला. त्याच दिवशी सुट्टी संपवून रेक्टरबाई आणि अक्काही आल्या. गाडी थांबली, इंजिनीअर उतरला, ओट्यावर चढला आणि दाराशी जाऊन थांबला. दार आपल्या जागी होतं, तीन फुटांवर. ओटा दीड फुटांवर. मधे दीड फुटाची उडी. त्याने एक पाय उचलून उंबऱ्यावर ठेवायचा प्रयत्न केला, पँट घट्ट होती. पाय परत खाली.

"आबा, हे काय केलंत?"

"ओटा दीड फूट कमी केला."

"अहो, किचनचा ओटा!"

मी खिशातून कागद काढला. चार घड्या घालून ठेवला होता, खास याच वेळेसाठी. त्याच्या हातात दिला. "यात किचन कुठे आहे ते दाखवा. मी कमी शिकलेला आहे, मला सापडलं नाही."

त्याने वाचला. परत वाचला. कान लाल झाले. रेक्टरबाईंनी त्याच्या खांद्यावरून वाचला आणि पदर तोंडाला लावला. मजूर उघडपणे हसायला लागले. एक जण म्हणाला, "साहेब, उडी मारा, मी धरस." मी म्हणालो, "मागणी कोणाची, संस्था. कारण काय, गैरसोय. आता बसा पाहुण्यांना घेऊन. गुडघ्यांची सोय झाली."

आयुष्यात मी पुष्कळ वेळा बरोबर होतो, पण सगळ्यांसमोर बरोबर ठरायचा योग एवढाच. खिडकीचं उट्टं निघालं. अक्का एकटी हसली नाही. ती मागच्या दाराने आत जाऊन स्वयंपाकघर बघून आली आणि दाराच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

इंजिनीअरने सेक्रेटरींना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं.

"नवीन कागद?" सेक्रेटरी म्हणाले. "मी उद्या बाहेरगावी चाललो, बारा-पंधरा दिवस. सोमवारपासून मुली येतायत, जेवणं सुरू व्हायला पाहिजेत. धुळ्याचा एक आचारी आहे माझ्या माहितीतला. चांगला पावणेसहा फूट उंच. त्याला लावून टाका. ओटा राहू द्या तसाच. माणूस ओट्याला जुळवून घ्या."

माणूस ओट्याला जुळवून घ्या. ही शिकलेली माणसं.

"आणि आताच्या बाईंचं?" रेक्टरबाईंनी विचारलं.

"त्यांना सांगा, वय झालं. बघू पुढं काही झाडलोटीचं वगैरे."

फोन बंद झाला. अक्का आत निघून गेली. मी मजुरांना कामाला लावलं. इंजिनीअर माझ्याशेजारी त्या बुटक्या ओट्यावर बसला. मला वाटलं, आता ओरडेल. त्याने ओरडायला पाहिजे होतं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने चहा मागवला.

"आबा, कागदात माझी चूक आहे," तो म्हणाला. "कुठला ओटा ते मी लिहायला पाहिजे होतं. मूळ कामाची जागा कोरी सोडली. हे मी सेक्रेटरींनाही सांगेन. पण आता नीट ऐका. यात दोन रस्ते आहेत."

"बोला."

"पहिला रस्ता. तुम्ही म्हणता, कागदाप्रमाणे काम केलं, माझी चूक नाही. मग हा कागद संपला. त्यातलं काम झालं. पुढचा ओटा परत वर करायचा तर एक नवा कागद, किचनचा खाली करायचा तर दुसरा. दोन्हीला सेक्रेटरींची सही. म्हणजे पंधरा-वीस दिवस. तोपर्यंत आचारी येऊन रुळलेला असेल."

"आणि दुसरा?"

"दुसरा असा. काम चुकीच्या जागी झालं असं तुम्ही लिहून दिलं, तर तो बदल धरत नाहीत. ती दुरुस्ती. चुकलेलं काम सरळ करायला चेंज ऑर्डर लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, ते करणाऱ्याने आपल्या अंगावर करायचं असतं. आणि मग हा कागद अजून उघडा राहतो. किचनचं काम त्यात बाकी आहे असा अर्थ होतो. सह्या झालेल्याच आहेत. उद्या सकाळी सुरू करता येईल, सोमवारच्या आत संपेल."

मी त्याला विचारलं, "लिहायचं काय?"

"कुठला ओटा हे विचारलं नाही, माझी चूक. एवढंच."

"चूक तुमची, आणि लिहू मी?"

"माझी मी वेगळी लिहीन. पण माझ्या लिहिण्याने कागद उघडत नाही. काम तुम्ही केलंय."

एवढं वाकडं शास्त्र कोणी काढलं असेल देव जाणे. खरं बोललं की वीस दिवस, चूक कबूल केली की उद्या सकाळ. मी त्याला म्हणालो, "साहेब, पंचावन्न वर्षांत मी चूक लिहून दिलेली नाही. आणि तुमच्यासाठी तर देणारच नाही."

"माझ्यासाठी कोण म्हणतंय?" तो म्हणाला, कागद माझ्या हातात परत दिला आणि उठला. "उद्या सकाळपर्यंत सांगा. नाहीतर आचाऱ्याला निरोप जाईल." गाडीकडे जायला त्याला आता पायऱ्या उतराव्या लागल्या नाहीत, ओटा एवढा खाली आला होता.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी हत्यारं धुवायला मागच्या नळावर गेलो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत अक्का होती. माझ्या उरलेल्या विटांतल्या विटा आणून तिने प्लॅटफॉर्मपुढे दोन थर रचले होते, चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या एकावर एक. त्यावर उभी राहून रिकाम्या तपेल्यात पाणी भरून ती मोठा चाटू फिरवून बघत होती. चाटू फिरवला की अंगाचा तोल जायचा, तोल गेला की वीट डुगडुगायची. ऐंशी पोरींचं उकळतं वरण, आणि खाली डुगडुगणाऱ्या विटा.

"उतर खाली," मी म्हणालो.

"कसाले? तुमन्याच विटा शेतस. बऱ्या शेतस." तिने चाटू फिरवणं थांबवलं नाही. "सोमवारले दाखाडसू रेक्टरबाईले. म्हणसू, दखा, हात पुरस."

"पडशील. भाजशील."

"आचारी तं पडाव नही ना? तेच बरं शे मंग."

ती उतरली. पदराने हात पुसले.

"भाऊ, कागदले डोया नही ऱ्हातस. तुमले शेतस ना? एकच सांगा. तुमले ठाऊक व्हतं का, की मी ह्या चूलनं सांगेल व्हतं?"

तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. कागद माझ्या बाजूने होता, जाळी माझ्या बाजूने होती, सेक्रेटरींचे गुडघेसुद्धा माझ्या बाजूने होते.

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

"असं," ती म्हणाली. रागावली नाही. उलट तिचा चेहरा जरा मोकळा झाला. "मंग ठीक शे. दुपारपासून माले वाटनं, मनाच सांगामा काही चूक व्हयनी. माले नीट सांगता उनं नही, म्हनीसन काम गयं."

तिने तपेल्यातलं पाणी काढून बाहेर झाडाला घातलं, विटा एकेक करून जिथून आणल्या तिथे नेऊन ठेवल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी इंजिनीअरला फोन केला. तो झोपेत होता. मी म्हणालो, "लिहून देतो. पण तुम्ही सांगाल ते नाही, मला येतं ते." मग गोणीवर कागद उलटा ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. पाऊण तास लागला. लिहिलं असं: "ओटे दोन आहेत. पुढचा बसायचा आणि आतला रांधायचा. मला कोणता ते समजत होतं. मी विचारलं नाही आणि पुढचा तोडला. चूक माझी. पुढचा मी माझ्या अंगावर परत बांधून देईन. इंजिनीअरने पुढच्या वेळी जागा लिहावी." शेवटचं वाक्य त्याने मागितलं नव्हतं. खाली सही केली, नेहमीसारखीच झोकदार, आणि कागद दाराच्या खिळ्याला टोचून ठेवला.

मग जोडीदाराला हाक मारली. ओटा तोडल्यापासून त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "कोणता ओटा, आबा?" म्हणाला. मी त्याला एक शिवी दिली आणि दोघांनी मिळून कडाप्प्याची फरशी उचलली. खालच्या खांबांचे पाच थर काढले, दीड फूट भरले. अक्काला बोलावलं, भट्टी ठेवली, तपेलं ठेवलं, तिला चाटू घेऊन जमिनीवर उभं केलं. तिने वाकून आत बघितलं, चाटू तळापर्यंत घातला, गोल फिरवला.

"कोपर अजून वर ऱ्हास," ती म्हणाली.

मी फरशी परत उचलायला लावली आणि सहावा थर काढला.